ऑर्डरीतून उरलेलं कापड

चि. मनूस,


तुझं पत्र पोचलं. दुकान बरं चाललंय हे वाचून बरं वाटलं आणि पुढचं वाचून काळजी वाटली. मागणी आहे ती फक्त निळ्या गोधडीला. तिचा फोटो लोकांना आवडला, तेव्हापासून जो तो तीच मागतो आणि तू तीच शिवतेस. रात्री जेवणं उरकली की फोनवर जगभरच्या गोधड्यांचे, जपानी ठिगळकामाचे, कुणाकुणाच्या भरतकामाचे फोटो साठवत बसतेस. सकाळी सुई हातात घेतली की त्यातलं काहीच कामाला येत नाही. ‘आत्या, प्रेरणा कुठून आणायची?’ हा तुझा प्रश्न. त्याच्याखाली बारीक अक्षरात दुसरा: ‘की विकायला लागलं की ती जातेच?’

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. विकल्यानं ती जात नाही. तीच वस्तू पुन्हा पुन्हा केल्यानंही जात नाही. ती जाते ते आपल्या हाताखालच्या वस्तूकडे बघणं सुटलं की.

मी शिवणारी नव्हे, विकणारी. उमेदीची वर्षं हस्तकलेच्या दुकानात काउंटरमागे गेली. सावंतवाडीची खेळणी नि गंजिफा घेऊन येणारे, डहाणूकडचे वारली चित्रकार, कोल्हापूरचे चपला करणारे, सगळ्यांची गाठोडी माझ्यासमोर सुटली. काही जणांच्या गाठोड्यात दर खेपेला एखादी तरी अशी वस्तू निघायची की माझा हात थबकायचा. काहींचं गाठोडं दोन-चार वर्षांत निर्जीव व्हायचं. ऑर्डरीचा माल दोघंही करत होते, पैशाची नड दोघांनाही होती. फरक मला त्यांच्या बोलण्यात दिसे. पहिले आपल्या मालाविषयी बोलत: यंदा लाकूड असं निघालं, हे चामडं असं वळलं, हा रंग इथे धरला नाही म्हणून मग तिथे असं केलं. दुसरे विचारत, त्या शेल्फावरचं कुणाचं, कितीला जातं, आम्हीही तसंच करून आणू का. तुझ्या फोनमधला तो साठा म्हणजे मला ते शेल्फच वाटतं.

पण माझ्या काउंटरवरून जग फार थोडं दिसलं. तुला एका गावाची गोष्ट सांगते, कारण त्या गावच्या बायका तुझंच काम करतात, आणि तुझ्यासारख्याच आज इंटरनेटवरून विकतात.

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यात, अलाबामा नदी एक मोठं वळण घेते. गावाच्या तीन बाजूंना पाणी आणि बाहेर पडायला एकच वाट. जोसेफ जी नावाच्या मळेवाल्यानं १८१६ मध्ये तिथे जम बसवला, म्हणून त्या जागेला जीज बेंड म्हणतात. १८४५ मध्ये मळा मार्क पेटवे याच्याकडे गेला. तिथल्या गुलामांना मालकाचं आडनाव चिकटलं आणि आजही त्या गावात पेटवे आडनावाची माणसं चिक्कार आहेत. गुलामी कायद्यानं संपली तरी जमीन मालकाचीच राहिली. ही माणसं वाट्यानं कापूस पिकवत राहिली. कापसाचे भाव कोसळलेले असताना, १९३२ मध्ये, त्यांना उधारीवर माल देणारा व्यापारी वारला. त्याच्या बायकोनं थकबाकीपोटी घरोघरची जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्य उचलून नेलं. तो हिवाळा गावानं रेडक्रॉसच्या शिध्यावर काढला. पुढे १९६२ मध्ये नदीपलीकडे कॅमडेनला जाणारी फेरीबोट बंद झाली. गावातली काळी माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडे जाऊ लागली होती, तो हा काळ. ती फेरीबोट पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडावं लागलं.

हे सगळं सांगते, कारण त्या गावच्या गोधड्या या परिस्थितीतून निघाल्या. फळ्यांच्या फटींतून वारा शिरणारी घरं, भिंतींना चिकटवलेली वर्तमानपत्रं, आणि एकेका बिछान्यावर थरावर थर गोधड्या. कापड कुठलं? शेतात झिजलेल्या पँटी, पिठाची पोती, फाटके झगे. आत भरायला जिनिंगच्या जमिनीवरून झाडून आणलेला कापूस. गोधडी अगदी विटली की ती पेटवून तिच्या धुरानं डास पळवायचे. आपल्याकडची वाकळ शेवटी पोतेरं होते, तसंच.

या बायकांतली लॉरेटा पेटवे. तिच्या गोधड्या आज संग्रहालयांत आहेत, काहींची चित्रं अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. तिनं स्पष्ट सांगितलं आहे की तिला शिवण आवडत नव्हतं. मदतीला कुणी नव्हतं, मुलं कुडकुडत होती, म्हणून तिनं शिवलं. तुझा प्रश्न वाचला तेव्हा मला पहिली तीच आठवली. प्रेरणेची वाट पाहण्याची सवड तिला कधी मिळालीच नाही, आणि तरी तिच्या त्या लांब पट्ट्यांच्या गोधडीसमोर माणूस खिळून राहतो. हातात जेवढ्या पट्ट्या होत्या तेवढ्यात तिनं ठरवलं की कोणती कुणाशेजारी बसेल. एवढंच ठरवणं तिच्या हातात होतं आणि ते तिनं जीव ओतून ठरवलं.

दुसरी मिझूरी पेटवे. तिचा नवरा गेला. १९४२ मध्ये त्याचे कामाचे कपडे तिनं उसवले आणि त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेत अंग गुरफटून घेता यावं म्हणून. तिच्या मुलीनं, अर्लोंझिया पेटवेनं, ही हकिकत सांगितली. ती गोधडी आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिच्यावर गुडघ्यांशी विटलेलं कापड दिसतं, डाग दिसतात, ठिगळं दिसतात. आपल्या घरातही आजीच्या लुगड्यांची गोधडी आहे आणि तिच्यावर निजताना तुला काय वाटायचं ते तू मला सांगितलं आहेस, तेव्हा यावर अधिक लिहीत नाही.

आता तुझ्या उपयोगाचा भाग येतो. १९६५ च्या डिसेंबरात फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या पाद्र्यानं त्या भागात एका दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या. नागरी हक्कांच्या चळवळीचा काळ. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून माणसांना कुळांच्या घरांतून हाकललं जात होतं, त्यांना चार पैसे मिळावेत म्हणून त्यानं गोधड्या गोळा करून १९६६ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात विकल्या. त्यातून बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. एस्टेल विदरस्पून यांनी ती पुष्कळ वर्षं सांभाळली. मोठ्या शहरांतल्या दुकानांच्या ऑर्डरी येऊ लागल्या. त्या दुकानांना प्रत्येक नग सारखा हवा होता: टाके बारीक, रेषा सरळ, रंग कॅटलॉगमधल्यासारखा. काही बायकांना ते सोसलं नाही, कारण त्या आपल्या मनाप्रमाणे शिवणाऱ्या. पण रोख पैसा मिळण्याचा दुसरा मार्ग जवळपास नव्हता, म्हणून पुष्कळ जणी टिकल्या.

१९७२ मध्ये सीअर्स या मोठ्या कंपनीचं कंत्राट आलं. कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे. तेच माप, तोच कट, रोज तेच. तुझ्या निळ्या गोधडीपेक्षा शंभर पट कंटाळवाणं काम. अभ्रे कापून झाले की कडेच्या चिंध्या उरत: सोनेरी, शेवाळी हिरव्या, नारिंगी, लालभडक. बायका त्या घरी नेऊ लागल्या. कॉर्डरॉय जाड असतं, त्याचे बारीक तुकडे जोडताना सुई अडते, शिवणीशी गोळे होतात. म्हणून त्यांनी तुकडे मोठे ठेवले आणि आकार साधे. उभ्या रेघांची लव एका बाजूनं बघितली तर उजळ दिसते, दुसऱ्या बाजूनं काळपट, म्हणून तोच रंग उभा-आडवा लावून त्यांनी एका रंगाचे दोन रंग केले. सत्तरच्या दशकातल्या त्या कॉर्डरॉयच्या गोधड्या जीज बेंडच्या सगळ्यांत धिटाईच्या कामांत गणल्या जातात.

मनू, पुन्हा वाच हा परिच्छेद. ऑर्डरीनं त्यांचं डोकं मारलं नाही. ऑर्डरीनं त्यांच्या घरात असं कापड आणून टाकलं, जे त्यांनी आपणहून कधीच विकत घेतलं नसतं, आणि त्या कापडाच्या आडमुठेपणानं त्यांना नवे आकार सुचवले.

आता तुझ्या घरात बघ. तू बोहारणीकडून जुन्या सुती साड्यांचे ढीग घेतेस आणि त्यातून निळ्या निवडतेस. मग बाकीच्यांचं काय? मागच्या दिवाळीत मी आले होते तेव्हा माळ्यावर एक पोतं होतं. त्यात विटकरी, मोरपंखी, हळदी, मुगी साड्या, आणि निळ्यांचे कापून काढलेले काठ, पदर. काठ जाड असतात, धावदोरा घालताना सुई अडते, धुतल्यावर आकसतात, म्हणून तू ते कापतेस. मला वाटतं तुझी पुढची गोधडी त्या पोत्यात आहे. नुसत्या काठांची. काठ रुंदीला कमी आणि लांबीला भरपूर, त्यांना तू आडवं-उभं कसं लावशील, मध्ये मऊ कापड किती ठेवशील म्हणजे ती अंगावर घ्यायला जड होणार नाही, हे प्रश्न तुझे तूच सोडवायचे आहेत. फोनमध्ये त्यांची उत्तरं नाहीत, कारण तुझं पोतं दुसऱ्या कुणाकडे नाही.

आणखी एक. साडीचा फॉल उसवल्यावर त्याखालचं कापड बाकीच्या साडीपेक्षा गडद निघतं ना? तिथे ऊन लागलेलं नसतं. मेरी ली बेंडॉल्फ या जीज बेंडच्या बाईंनी २००३ मध्ये जुन्या जीन्सची एक गोधडी केली. खिसे उसवून काढले, आणि खिशांच्या जागी जे गडद निळे चौकोन उरले तेच दर्शनी ठेवले. ‘भुताचे खिसे’ अशा अर्थाचं नाव तिला आहे. नसलेला खिसा दिसतो, त्यात हात घालणारा माणूस दिसतो. हे त्यांना फोटोवरून सुचलेलं नाही, उसवताना सुचलेलं आहे. तू तर दर आठवड्याला उसवतेस.

आपल्या गोधडीत आणि त्यांच्या एका नमुन्यात एक साम्य मला फार आवडतं. आपण कडेपासून धावदोरा घालत आत आत जातो, चौकोनात चौकोन असे फेर घेत मध्यावर येतो. त्यांच्याकडे ‘घराचं छप्पर’ अशा अर्थाचा एक नमुना आहे. तोही चौकोनात चौकोन, पण तो पट्ट्या जोडून मधल्या तुकड्याभोवती बाहेर बाहेर वाढत जातो. एकाच गावात शेकडो बायकांनी पिढ्यान् पिढ्या तो एकच नमुना केला आणि कुणाचा कुणासारखा झाला नाही. एखाद्या रागाची तीच बंदिश दहा गायकांनी मांडावी तसं ते आहे. म्हणून तुला ‘तीच गोधडी पुन्हा’ हे संकट वाटतं, ते मला वाटत नाही. तीच कर, पण प्रत्येक वेळी त्या निळ्यांना जवळून बघ. एक निळी कडक उन्हानं राखाडी झालेली असते, एक पोलक्याच्या घामानं बगलेत विटलेली, एक नुसती पेटीत राहून घडीवर चिरलेली. त्यांना एकसारखं करायच्या नादी लागू नकोस. गिऱ्हाइकाला आधीच लिहून टाक की निळी मिळेल, पण फोटोतली मिळणार नाही. जे रागावतील त्यांना कारखान्याची चादर पुरते.

१९६६ हे वर्ष मला आणखी एका कारणानं लक्षात राहिलं आहे. तिकडे अलाबामात बायका संस्था काढत होत्या त्याच सुमाराला, १९६६-६७ मध्ये, बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. पुपुल जयकर यांनी अखिल भारतीय हस्तकला मंडळाकडून मुंबईच्या एका चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. भास्कर कुलकर्णी त्याचं नाव. आपल्या मराठी माणसांना हे नाव जितकं माहीत असायला हवं तितकं नाही, याची मला खंत वाटते. तिथल्या बायका लग्नघरातल्या कोहबराच्या, म्हणजे नवरानवरीच्या खोलीच्या, भिंतींवर चित्रं काढायच्या. कुलकर्णींनी त्यांच्या हाती कागद दिला, म्हणजे चित्र विकता येईल, घरात धान्य येईल. पुढे हेच कुलकर्णी आपल्या डहाणू भागात वारल्यांच्या पाड्यांवर पोचले आणि तिथे जिव्या सोमा मशे या वारली चित्रकाराचा हात जगासमोर आला.

कागद आला, पैसे आले, आता कला बाटणार असं तेव्हाही पुष्कळ लोक म्हणाले. मिथिलेच्या गंगादेवींचं उदाहरण बघ. नवऱ्यानं दुसरं लग्न केल्यावर घर तुटलेली ही बाई. पोटासाठी कागदावर चित्रं काढू लागली. बारीक रेषेचं काम, कचनी म्हणतात तिकडे. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८५ मध्ये भारत महोत्सवासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे जत्रेतल्या त्या उलट्यासुलट्या धावणाऱ्या गाडीत बसल्या, परत येऊन ती गाडी आपल्या कोहबराच्या रेषेत काढली. पुढे कॅन्सर झाला. दिल्लीत उपचार घेताना त्यांनी इस्पितळ काढलं: खाटा, सलाइन, डॉक्टर, तपासणीची यंत्रं, आणि त्यात पडलेली स्वतः. १९९१ मध्ये त्या गेल्या. देवादिकांची ठरलेली चित्रं काढून त्यांचं सहज भागलं असतं, गिऱ्हाईक तीच मागत होतं. त्यांनी समोर जे होतं ते काढलं, कारण त्यांच्या रेषेला तोवर काहीही पेलण्याची ताकद आली होती. आणि ती ताकद कुठून आली? वर्षानुवर्षं विक्रीची तीच तीच चित्रं काढून. मी हे ठामपणे लिहिते.

जिव्या मशे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मिळालं तर बघ, छापील बघ, मोठं बघ. कागदभर जाळं, बारीक पांढऱ्या रेषा, हजारो वेळा तीच हालचाल. त्याच्या शेजारी कपांवर, पिशव्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर छापलेल्या ‘वारली’ बाहुल्या ठेव. त्रिकोणावर त्रिकोण, हात वर, तारपा, झाला फेर. आकार तोच आहे आणि त्यात काही नाही. वारल्यांच्या लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, त्याच्या मध्ये पालघाट देवी बसते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा ते लग्न लागतं. यातलं काही त्या कपावर येऊ शकत नाही. फोटोवरून उचललेल्या कामाचं असंच होतं. तुझ्या साठ्यातली ती जपानी ठिगळं गरीब शेतकऱ्यांच्या घरातली आहेत, एक चिंधी वाया घालवणं परवडत नव्हतं म्हणून ती तशी झाली. तू विकत घेतलेल्या कोऱ्या कापडावर ती नुसती नक्षी म्हणून टाचलीस तर तुझ्याच हाताला ते परकं वाटेल. वाटतंच आहे, म्हणून तर ते सुईवर येत नाही.

बरं, आता दुकानाविषयी.

जीज बेंडच्या बायकांची नावं जगाला कळली ती विल्यम आर्नेट या संग्राहकामुळे. अ‍ॅनी मे यंग यांच्या १९७६ च्या गोधडीचा फोटो त्यानं एका पुस्तकात पाहिला. विटक्या जीन्सचे मोठे तुकडे आणि मधोमध कॉर्डरॉयच्या पट्ट्या. तो शोधत गावी आला. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन झालं, २००६ मध्ये दहा गोधड्यांची टपाल तिकिटं निघाली. नाव झालं, पण पैसा कुणाला किती, यावरून वाद झाले. २००७ मध्ये काही जणी कोर्टातही गेल्या, पुढच्या वर्षी ते दावे मिटले. गावात तेव्हाही गोधडी विकायची म्हणजे कुणीतरी इतकं लांब येऊन दार वाजवायला हवं. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या नऊ जणींनी एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेवर आपापली दुकानं उघडली. फोटो, मोजमापं, पार्सल यासाठी दोन संस्थांनी मदत केली. दुकान प्रत्येकीच्या नावाचं, किंमत प्रत्येकीनं ठरवलेली, लहान वस्तूंना काही डॉलर आणि मोठ्या गोधडीला हजारो. आता लांबच्या गिऱ्हाइकाचा पैसाही थेट शिवणारीच्या हाती येऊ लागला. इंटरनेटवर विकण्याचा याहून मोठा गुण मला माहीत नाही.

पण ही बाजारपेठ कुणाची सखी नसते, हेही ध्यानात ठेव. एट्सी २००५ मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू झाली ती हातानं करणाऱ्यांसाठी. २०१३ मध्ये तिनं बाहेरच्या कारखान्यांकडून माल करून घ्यायला मुभा दिली. २०२२ मध्ये विक्रीवरचं कमिशन ५ टक्क्यांवरून ६.५ वर गेलं, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवून निषेध केला. कमिशन मात्र तेवढंच राहिलं. ते पार्सलच्या खर्चावरही कापतात, आणि गोधडी म्हणजे वजनदार पार्सल, हे तू हिशेबात धरतेस ना? २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांची जकातमाफी काढली आणि आपल्या टपालखात्याला तिकडची बहुतेक पार्सलं काही आठवडे थांबवावी लागली. ज्यांची सगळी गिऱ्हाइकं तिकडे होती त्यांचे हात बांधले गेले. म्हणून पुणे-मुंबईची, नागपूरची, बंगळुरूची गिऱ्हाइकं सोडू नकोस. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी क्रमांकाशिवायही ऑनलाइन दुकानांवर माल ठेवता येतो. परराज्यात पाठवताना काय लागेल ते सीएला विचारून घे.

किमतीविषयी तू लिहिलंस की साडेचार हजारांच्या वर लोक ‘महाग’ म्हणतात. वहीत तास लिहायला लाग. समज, एका गोधडीला नव्वद तास गेले. साडेचार हजार भागिले नव्वद, तासाला पन्नास रुपये. त्यातून बोहारणीचे पैसे, दोरा, धुणं, कमिशन, खोका वजा कर. काय उरतं ते बघून मग कुणाला महाग म्हणायचं ते ठरव. माझ्या काउंटरवर घासाघीस करणारा माणूस बहुधा वस्तू उलटी करून बघत नसे. उलटी करून टाके बघणारा गुपचूप पैसे मोजत असे. म्हणून फोटोत गोधडीची उलट बाजू दाखव. एका चौरस इंचात किती टाके आहेत ते जवळून दाखव. खिडकीच्या उजेडात, घडी पडलेली असली तरी चालेल, आणि शेजारी फुलदाणी, कॉफीचा कप असलं काही नको.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं. तुझ्या दुकानाच्या पानावर तुझं नाव आहे, तुझा हसरा फोटो आहे, ‘माझ्या हातांनी’ असं लिहिलं आहे. पण गेल्या वर्षापासून दुपारी तुझ्याकडे दोघी शिवायला येतात. त्यातल्या एकीचा धावदोरा तुझ्याहून बारीक आहे, असं तूच मला कौतुकानं सांगितलंस. त्यांना तू नगावर पैसे देतेस. मग गोधडी साडेचारऐवजी आठ हजारांना गेली तर त्यांचा वाटा वाढतो का?

२०२४ मध्ये जीज बेंडच्या काही जणींच्या नमुन्यांवरून अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीनं माल काढला. देशभर विकला. शिवणाऱ्यांना एकदाच ठरावीक रक्कम मिळाली, विक्रीच्या प्रमाणात वाटा नाही, अशा बातम्या पुढे आल्या. एट्सीवरच्या त्यांच्या स्वतःच्या दुकानात आणि या व्यवहारात फरक नेमका तिथे आहे. तुझं दुकान लहान आहे म्हणून तुला हा प्रश्न लागू नाही, असं समजू नकोस. लहान असतानाच ही सवय लावता येते.

शिवाय यात तुझ्या पहिल्या प्रश्नाचंही थोडं उत्तर आहे. त्या दोघी कुठल्या गावच्या, त्यांच्याकडे गोधडीला काय म्हणतात, कोपरे कसे मोडतात, लग्नात कुणाला देतात, बाळंतिणीसाठी कुठलं कापड घेतात, हे तू कधी विचारलं आहेस? तुझ्याशेजारी रोज दुपारी इतकं ज्ञान येऊन बसतं आणि तू रात्री ते फोनमध्ये शोधतेस. एक गोधडी त्यांना त्यांच्या मनानं शिवू दे. माळ्यावरचं पोतं खाली काढ, दोघींसमोर पालथं घाल आणि तू त्या दिवशी फक्त दोरा ओवून दे. ती गोधडी त्यांच्या नावानं दुकानात लाव आणि किंमत त्यांनाच सांगू दे.

पानावर नाव कसं हवं तेही त्यांनाच विचार: नुसतं नाव, गावासकट, की नकोच. काही बायकांना नको असतं, घरच्या कारणांनी, तर तेही ऐक. येत्या आठवड्यात विचारशील ना? काय म्हणाल्या ते मला सविस्तर लिही.

तुझी,
आत्या